हिराबाईच्या शेतात आमचं घर

मी गाव सोडलं तेव्हा कोणी रडलं नाही. पाटणच्या स्टँडवर सकाळची एसटी लागली होती. दीर माझी पेटी आणि तांदळाचं पोतं टपावर चढवत होते. जाऊ आली नव्हती, तिची धार राहिली होती. सासूबाई तेवढ्या आल्या. त्यांनी मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "चार महिने बघ. नाही पटलं तर ये. पटलं तरी ये." गाडी सुटली तेव्हा त्या हात हलवायला थांबल्या नाहीत, कारण ऊन चढायच्या आत त्यांना घरी पोचायचं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्याकडं माणूस जातं, तसं मी जात होते. फरक एवढाच की आजवर पुरुष जात होते, आता मी निघाले होते.

लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याबरोबर सलग राहणं हे पहिल्यांदाच. मालक मुंबईच्या बाजारात माथाडी. पोती उचलायची, पाठीवरून वाहायची, रात्री वीस माणसांच्या खोलीत झोपायचं, खाणावळीत जेवायचं. वर्षातून दोनदा गावी येत, जत्रेला आणि भातकापणीला. पत्रं खोलीतला दुसराच कोणी लिहून देई. मी चौथी शिकलेली, वाचून घ्यायची. तो लिहिणारा मला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ओळखत असेल.

मग नव्वदनंतर बाजार टप्प्याटप्प्यानं खाडीच्या या बाजूला, नवी मुंबईत आला आणि माथाडी लोकांना कोपरखैरण्याला बैठ्या घरांच्या रूम मिळाल्या. एकेकानं गावाकडून बायको बोलावली. आमच्या गल्लीत सगळी अशीच जोडपी. पंचेचाळिशीच्या बायका, आणि नवरा किती वाजता उठतो, चहात साखर किती घेतो, हे एकमेकींना विचारत असायच्या, जणू काल लग्न झालंय. लोक म्हणतात परका माणूस म्हणजे परगावचा. मला पहिले सहा महिने परका माणूस म्हणजे नवराच. तो झोपेत बाजारातल्या हाका मारायचा. मी उठून बसायची.

बाकी सगळं मी शिकले. रिक्षात बसायला, गॅस पेटवायला, शेजारणीच्या घरात शिरण्याआधी दार वाजवायला. गावी मी कोणाचं दार वाजवलं नव्हतं. एक गोष्ट मात्र जमेना. रूमची मोरी ताटाएवढी, त्यात बसून कपडे धुवायचे. गावी मी कोयनेच्या पाण्यावर धुणं धुतलेली बाई. पुढ्यात दगड, हातात कपडा, आपटला की अर्ध्या नदीला ऐकू जातो. मोरीत कपडे नुसते चोळायचे आणि गुडघे भिंतीला घासायचे. मी मालकांना म्हणाले, मला धुण्याला दगड पाहिजे.

गल्लीच्या मागं मोकळा प्लॉट होता. त्यात भातखाचरांचे जुने बांध अजून दिसायचे, कडेला रुईची झुडपं. एका बांधाच्या टोकाला चांगला रुंद दगड मी हेरून ठेवला होता. सुट्टीच्या दिवशी मालक पोती ओढायचा हूक आणि रिकामं पोतं घेऊन गेले. हुकानं दगड सैल केला, पोत्यावर ढकलला आणि एकट्यानं पाठीवर घेऊन आले. घामानं भिजले होते, पण खूश होते. चोवीस वर्षांत मी काही मागितलं आणि त्यांनी लगेच आणून दिलं, असं पहिल्यांदा घडलं. दाराबाहेर नळाखाली दगड बसवला. वरची बाजू खडबडीत होती, म्हणून आम्ही ती खाली केली आणि सपाट पाठ वर.

उलटताना त्या खडबडीत बाजूला लालसर खपली होती. मला ती दिसली का? मी बरीच वर्षं सांगत आले की दिसली नाही. थोडी दिसली होती. आमच्याकडं बांधावर म्हसोबा असतो आणि त्याला शेंदूर असतो, हे मला काय माहीत नव्हतं? पण मला दगड हवा होता. ज्याला वस्तू हवी असते त्याला विटेची धूळच दिसते.

याच दिवसांत हिराबाईशी ओळख झाली. हिराबाई जवळच्या जुन्या गावातली आगरी बाई, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, डोक्यावर मासळीची टोपली. आम्हा घाटावरच्या बायकांना सुकट सोडून मासा माहीत नव्हता. कोळंबी कशी सोलायची, त्यातला काळा दोरा कसा ओढायचा, हे तिनं माझ्या उंबऱ्यावर बसून शिकवलं. शिकवताना शिव्याही घालायची. माझ्या हातचं पहिलं कालवण तिनं चाखलं आणि म्हणाली, "घाटीन बाय, मासा मेला तं मेला, त्याला परत कनाला मारतेस?" तिनं एकदा सांगितलं होतं की आमची सगळी गल्ली जिथं उभी आहे तिथं तिच्या सासऱ्याची भाताची खाचरं होती. सरकारनं जमीन घेतली, शहर वसवलं. ती हे रडून सांगत नव्हती. समोरच्या रूमकडं बोट करून सांगायची, इथं आमची मळणी व्हायची, तिथं माझा दीर साप चावून मेला. मी ऐकून घ्यायची. आम्ही काही तिची जमीन घ्यायला आलो नव्हतो. पण राहत तर होतो.

मग भाताला कणसं धरायचे दिवस आले. इथं भात नव्हतं, पण दिवस तेच. एका सकाळी हिराबाई टोपलीशिवाय आली. नवं लुगडं, हातात नारळ, पिशवीत कोंबडा. तिला मागच्या प्लॉटवर जायचं होतं. मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, शेताच्या देवाला राखण द्यायची. राखण म्हणजे शेत सांभाळणाऱ्या देवाचा वर्षाचा मान. मी म्हणाले, पण शेत तर गेलं. तेव्हा ती म्हणाली, "आमाला नोटीस आयली. देवाला कोनी नोटीस दिली नाय."

अर्ध्या तासानं ती परत आली. नारळ तसाच, कोंबडा तसाच. तोंड उतरलेलं. बांधावर देव नव्हता, म्हणाली. माझ्या दारातून गेली, नळाच्या बाजूनं, दगडाला पदर लागेल इतक्या जवळून. मी दारात उभी होते आणि बोलले नाही.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी पहारीनं दगड एका बाजूनं उचलून बघितला. साबणाच्या चिकट राडीत दोन डोळे कोरलेले होते. पाच महिने मी त्या तोंडावर पाणी सोडत होते.

संध्याकाळी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, कोणाला बोलू नकोस, गावातली पोरं आधीच घाटी लोकांवर खार खाऊन आहेत, आज ना उद्या भांडण पेटेल, आपल्याला इथं राहायचंय. अंधार पडला की मी गुपचूप नेऊन ठेवतो, म्हणाले. त्यांचं खोटं नव्हतं. नळावरून, मैदानावरून कुरबुरी चालूच होत्या. मी म्हणाले, "आणला तेव्हा चूक होती. अंधारात नेऊन ठेवला तर चोरी होईल." पण लगेच उठून हिराबाईकडं गेले, असंही नाही. सकाळी बघू, असं मीच म्हणाले. भीती मलाही होती. रूम गेली तर मी कुठल्या तोंडानं पाटणला जाणार होते? पटलं तरी ये म्हणणाऱ्या सासूकडं, हाकलून दिलंय म्हणून?

सकाळी प्लॉटच्या बाजूनं गलका ऐकू आला. तिथं बिल्डिंगचं काम सुरू व्हायचं होतं आणि खडी फोडणारं एक कानडी जोडपं ताडपत्रीची झोपडी टाकून राहत होतं. हिराबाईचा मुलगा आणि गावातली चार-पाच पोरं झोपडीपुढं जमली होती. त्यांचं म्हणणं, ह्यांनीच देव फोडून खडी केली. कानडी माणूस हात जोडून उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं, आपल्यावर कसला आळ आहे हेही कळलं नव्हतं. त्याची बायको मुकाट्यानं भांडी गोळा करत होती. भांडी गोळा करायची तिला सवय असावी, इतकी ती भराभर करत होती. एका पोरानं ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.

त्या बाईकडं बघून माझी भीती गेली, असं मी म्हणणार नाही. पण पाय चालायला लागले. हिराबाई कडेला बसली होती, तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हणाले, "देव माझ्याकडं आहे. मी त्याच्यावर धुणं धुते."

तिच्या मुलानं मला बरंच काही ऐकवलं. ते इथं लिहीत नाही, आता तो दोन नातवंडांचा आजा आहे आणि मला मावशी म्हणतो. हिराबाई उठली आणि माझ्या पुढं चालू लागली. मागून पोरं. गल्लीतल्या बायका दारात आल्या. मालक कामावर जायला निघाले होते, ते पायरीवरच थांबले.

तिनं दगड बघितला. मुलाला उलटा करायला लावला. डोळे वर आले. ती खाली बसली, नळ सोडला आणि पदरानं त्याचं तोंड पुसू लागली. मी वाट बघत होते, आता शिव्या येतील, आता हात उठेल. ती बराच वेळ पुसत होती. मग माझ्याकडं मान वळवून विचारलं, "धुनं तरी सोच्छ निंगत व्हतं का?"

मी म्हणाले, "कोयनेवर निघायचं तसं."

"मंग," ती मुलाला म्हणाली, "शेत गेल्यापुन बसून व्हता बिचारा. कामाला लागला व्हता." मुलगा हसला नाही. पण मागच्या पोरांतला एक हसला आणि मग हुकूम दिल्यासारखी पांगापांग झाली. कानडी बाईनं भांडी परत मांडली असणार, संध्याकाळी तिच्या झोपडीतून धूर येत होता.

देव परत बांधावर नेला तो मालकांनीच. ह्या वेळी पाठीवर नाही, डोक्यावर. त्या दिवसाची हजेरी बुडाली. हिराबाईनं राखण दिली आणि कोंबड्यातला वाटा मला आणून दिला. मी तो निमूट शिजवला. ह्या वेळी तिनं नावं ठेवली नाहीत.

पुढच्या वर्षी बांधावर पाया खणायला सुरुवात झाली. देव कुठं न्यायचा, हे ठरवायला हिराबाईच्या घरात माणसं बसली. कोणी गावातल्या देवळात ठेवा म्हणाले, कोणी खाडीत सोडा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. मुलाच्या हातगाडीवर देव होता. म्हणाली, तुझ्या दारात ठेव. मी चमकले. म्हणाले, ज्या बाईनं त्याच्यावर लुगडी आपटली तिच्या दारात? तुझ्या घरी का नाही? तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं कोळंबी सोलायला शिकवताना बघायची.

"तो घराचा देव नाय, शेताचा हाय," म्हणाली. "आन् शेत हितंच हाय. तुजा घर त्याचे वर हाय, म्हनून काय शेत उठून गेला?"

तेव्हापासून तो आमच्या दाराच्या उजव्या हाताला आहे. शेंदूर मी लावते. आमच्या म्हसोबाला लावतात तसा, तेलात कालवून. हिराबाई दरवर्षी राखण द्यायला यायची. आता ती नाही, तिची सून येते, स्कूटीवरून, नारळ डिकीत. बैठ्या घरांवर मजले चढले, गल्लीची सोसायटी झाली. सेक्रेटरीनं एकदा पार्किंगसाठी देव हलवा म्हणून सांगितलं. मालक ऐंशीचे आहेत, कमरेतून वाकलेत, पण खुर्ची घेऊन देवाजवळ जाऊन बसले. सेक्रेटरीनं गाडी पलीकडं लावली.

जे गावी राहिले त्यांना वाटतं आम्ही इथं सुखात लोळतो. जे माझ्यासारखे आले ते म्हणतात, इथं कोणावर विश्वास टाकायची सोय नाही, सगळे बाहेरचे. दोन्ही खरं नाही. मी सुखात आहे, पण लोळत नाही. आणि विश्वास कोणी आयता देत नाही, गावीही देत नव्हते. तिथं नुसती सगळ्यांना सगळी माणसं माहीत होती. इथं मला आधी तोंड उघडावं लागलं, आणि समोरच्या बाईला ते ऐकून घ्यावं लागलं. तिचं काम जास्त अवघड होतं.

जाऊ अजून फोनवर विचारते, कधी येणार, तिकडं तुझं आहे काय? गावी जमीन आहे, घर आहे, माझ्या वाटणीची खोलीही आहे. मागच्या वर्षी गेले होते आणि आठ दिवसांत परत आले. जावेला राग आला. मी तिला सांगितलं, राखणीचे दिवस आलेत, हिराबाईची सून येईल, दाराला कुलूप दिसलं तर ती नारळ कोणाच्या दारात फोडणार?