पार्सिपनीचे गवईबुवा

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका भुताखेतांचा पाहुणचार करणारा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत मिळाला नसता. फार्मा कंपनीत आयुष्य गेलेलं, पण जगात निर्जीव असं काही असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. आन्सरिंग मशीनशी ते भांडायचे, "अहो, माझं पूर्ण तर होऊ द्या!" पार्किंगमध्ये गाडीला "बस हं, आलोच" असं सांगून जायचे. मामी गेल्यावर हे बोलणं फारच वाढलं आणि त्याच सुमारास एका गराज सेलमधून, कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, त्यांनी ते चित्र आणलं.

तीनशे वर्षांपूर्वीचा कुणी इंग्रज वादक. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेला. डोक्यावर कुरळ्या केसांचा भला मोठा टोप, मांडीत सारंगीसारखं वाद्य. जवळून पाहिलं तर नुसत्या बारीक रेघा; दोन पावलं मागे सरकलं की माणूस, आणि तो थेट आपल्याकडे बघणारा. मामा त्याला गवईबुवा म्हणत. चहा झाला की पहिला कप बुवांपुढे. संध्याकाळी मामा गायला बसत, कमालीचे बेसूर. मग फोन यायचा, "सूनबाई, आज बुवांनी भुवई उडवली. मध्यम चुकला ना माझा!" आम्ही हसायचो. पण पार्सिपनीच्या त्या घरात चित्राकडे पाठ करून बसायला कोणीच तयार नसायचं.

एका रविवारी दुपारी आम्ही गेलो होतो. बाहेर बर्फ, रस्ता चिडीचूप. मामांनी सूर लावला आणि कोपऱ्यातून कुणीतरी साथ धरली. मामींचा तानपुरा, गवसणीत बंद. मामा थांबले तरी तो घुमतच राहिला.

"हीटिंगचं व्हायब्रेशन असेल," नवरा म्हणाला. खुर्ची मात्र त्याने कोपऱ्यापासून लांब सरकवली.

"तारा ढिल्या करून ठेवल्यात मी," मामा हळूच म्हणाले. "ती गेली त्याच आठवड्यात."

गवसणी मीच काढली. चारही तारा ताठ होत्या. बोट लावलं तर सूर चोख लागलेला. मामा भिंतीला टेकून खालीच बसले. "तिचा सूर आहे हा. मला कधी जुळवता आला नाही." मी वर पाहिलं. बुवा माझ्याकडे बघत नव्हते. पहिल्यांदाच ते मामांकडे बघत होते.

"मामा, हे चित्र काढून टाका," मी म्हटलं.

"का गं? घरात कुणी ऐकणारं आहे, याची भीती कशाला वाटायची? कुणी नसलं की वाटते ती." आणि डोळे पुसून ते पुन्हा गायला लागले.

पुढच्या वर्षी घर विकून मामा नागपूरला धाकट्या भावाकडे राहायला निघाले. घर घेतलं एका अमेरिकन आजींनी. पियानो शिकवायच्या, नवरा नुकताच गेलेला. निघायच्या दिवशी तानपुरा गाडीत ठेवला, बॅगा ठेवल्या. मी परत आत गेले तर रिकाम्या हॉलमध्ये चित्र भिंतीवरच होतं.

"मामा, बुवा राहिले!"

"राहू दे," मामा म्हणाले. "तिथे घर भरलेलं आहे माझं. ही बाई एकटी राहणार आहे." त्यांनी बूट काढले, चित्राला वाकून नमस्कार केला आणि दार अगदी हळू, आवाज न करता ओढून घेतलं.