गरम राखेतली बाटली

लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती, आणि तपासून घ्यायचं ते मीच. मीच रोज सकाळी तोंडात थर्मामीटर धरायचा, मीच बुलढाण्याला जाऊन टेबलावर पडायचं, गर्भनळ्यांत हवा भरून घ्यायची. वर आमच्या धामणगावच्या बायका विचारणार, "काऊन वं, काही हाये का?" अगं, असतं तर पोट दिसलं नसतं का! जीव नुसता आंबून गेला होता. त्यात सासूबाईंनी जळगाव जामोदकडची एक मुलगी पाहून ठेवलेली. यंदाही दिवस राहिले नाहीत, तर सवत येणार हे घरात ठरलंच होतं.

शेवटी बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी यांनाही बोलावलं. वीर्य दुर्बिणीखाली पाहायचं होतं. "बाटली गार पडू देऊ नका, अंगाच्या उबेत आणा," असं त्यांनी बजावलं. हे लाजून लाल झाले, पण कसेबसे तयार झाले.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. बाटली खाटेवर ठेवून हे धोतर बदलायला गेले, मी वेणी घालत होते. एस.टी. चुकेल म्हणून नुसती धांदल. दारात सासूबाईंनी बाटली पदरानं पुसून यांच्या हातात दिली. "गरम हाये, बरं झालं," म्हणत यांनी ती बंडीच्या आत, काखेत धरली.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला, पुन्हा लावला. "एकही जिवंत नाही हो," म्हणाल्या. परतताना हे एस.टी.च्या खिडकीबाहेर बघत बसले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं सगळं माझ्याच माथी मारलं होतं. पण यांच्याकडे बघवतही नव्हतं.

घरात पाऊल टाकताच यांनी आईला सांगितलं, "दोष माह्यात हाये, माय. त्या पोरीच्या बापाले नाही म्हून कळव."

सासूबाई चुलीपुढे मटकन बसल्या. "असं कसं? थंडी पडली म्हून मी त बाटली गरम राखेत खुपसून ठेवली होती. तुमी निघेपर्यंत चांगली कढत होती!"

विरजणाला द्यावी तशी ऊब दिली होती बिचारीनं. नातवासाठी दिली होती.

सासूबाई पाण्याला गेल्यावर मी यांना गाठलं. "अहो, आयकलं ना? राखेत शिजलं ते सारं! तुमच्यात दोष नसनही. पुन्हा तपासून पाहू."

यांनी मान हलवली. फार थकलेले दिसत होते.

"राहू दे अवं. दोष तुह्यावर होता त तुह्या उरावर सवत येत होती. माह्यावर आला त मले कोन काय करते?"