डबामामाचं ताट

लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा उघडून बसणारा माणूस मी एकच पाहिला. माझा थोरला मामा. आम्ही भाचे त्याला डबामामा म्हणायचो, अगदी तोंडावर. शेजारच्याच्या पत्रावळीत तिखटजाळ येसरच्या आमटीचा तवंग पसरलेला, आणि हा दोन कप्प्यांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी मुगाच्या पातळ वरणात कुस्करतोय. कांदा नाही, लसूण नाही, दूध तर नावालाही नाही.

मामाचं पोट कायमचं बिनसलं होतं. जेवला की कळ यायची आणि धावावं लागायचं. नाहीतर तीन-तीन दिवस पोट दगड. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आतड्यात दोष नाही, पण ते फार हळवं आहे. काय सोसतं ते तुम्हीच शोधा. मामानं शोधलं. वर्षभर एकेक पदार्थ सोडला, पुन्हा खाऊन पाहिला, वहीत लिहून ठेवला. "मी पोटाला विचारून जेवतो," म्हणायचा, "तुमच्यावाणी जिभेला विचारून नाय." त्या पथ्यावरच तो औरंगाबादहून रोज एसटीनं सिल्लोडला नोकरीला जाऊ लागला. त्याआधी अर्ध्या वाटेत फुलंब्रीलाच उतरून पळायचा.

माळ घातली म्हणाला असता तर सगळे पाया पडले असते. मामी म्हणायचीसुद्धा, "सांगा ना, नवस हाय म्हणून." यावर त्याचं ठरलेलं, "दुखतंय माझं पोट, देवाला काहून मधी घालू?" आणि पोटाच्या दुखण्याला आमच्यात कुणी दुखणं मानतच नाही. म्हणे, मनाचे खेळ आहेत. म्हणे, नखरे लई. अरे, तो खात नव्हता तर तुमच्या बापाचं काय जात होतं? हे आज म्हणतो. तेव्हा हसणाऱ्यांत मी होतो, आणि सगळ्यात मोठ्यानं हसत होतो.

त्याची एकुलती एक लेक सुमन. तिचं लग्न ठरलं तसा मामा एकच बोलायचा, "कन्यादानाला मला पाटावर बसायचंय. बाकी तुम्ही बघा." आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाच्या पंगतीत मामानं डबा काढला आणि व्याही अडून बसले. "आमच्या पंगतीला डबा? व्याह्यांनी आमच्या संगं घास घेतल्याबिगर आम्ही पानाला हात लावणार नाय!" सगळी पंगत थांबली. मामानं माझ्याकडे पाहिलं. मी वाढायला होतो. चार शब्द बोललो असतो तर निभावलं असतं. मी काय केलं? डबा उचलून बाजूला ठेवला, आमटी ओतली, वर बासुंदीची वाटी ठेवली. "मामा, एक दिवसानं काय होतंय?" त्यानं खाल्लं. पंगत खूश झाली.

सकाळी भटजी हाका मारत होते आणि मामा कार्यालयामागच्या संडासात होता. "दोन मिनिटं थांबा, आलोच," आतून म्हणत राहिला. मुहूर्त टळेल म्हणून धाकट्या मामानं कन्यादान उरकलं. मामा बाहेर आला तेव्हा फोटो चालले होते. तो कुणाला काही बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सुमनही त्याबद्दल बोलली नाही; त्या दिवशी नाही आणि पुढं वीस वर्षं नाही.

मग मामा गेला. तेराव्याला फोटोपुढं ताट मांडायचं होतं. मावशी डोळे पुसत म्हणाली, "जन्मभर तरसला गं माझा भाऊ, आता तरी पोटभर खाऊ दे." झालं! पुऱ्या आल्या, बासुंदी आली, येसरची आमटी आली. मेल्यावरही आग्रह सुटला नाही आमचा. कुणीतरी आमटीचा डाव माझ्या हातात दिला आणि मीही सवयीनं वाकलो.

सुमन पुढं आली. तिनं ते ताट बाजूला सरकवलं आणि मामाचा डबा फोटोपुढं उघडून ठेवला. भाकरी आणि वरण, पहाटे उठून तिनंच केलेलं. मग माझ्या हातातला डाव काढून घेतला.

"दादा," ती म्हणाली, "तू नको वाढू."