मामांनी धुतलेले ग्लोव्हज

मामा,

काल क्लबमध्ये तुमची शोकसभा झाली. मी शेवटच्या रांगेत दाराशी बसले होते. माझे गुडघे दुखतात आणि लोकांची भाषणं लांबतात, म्हणून निसटायची सोय मी आधीच बघून ठेवते. अध्यक्षांनी नेहमीसारखे तारे तोडले. तुम्हाला ‘क्लबचा मूक सेवक’ म्हणाले. मूक! मी एवढ्या जोरात ‘हं!’ केलं की शेजारच्या बाईंनी उचकी समजून पाण्याची बाटली पुढे केली. मग एकामागून एक उठले आणि तुम्ही कपडे किती पांढरेशुभ्र धुवायचात यावर बोलून बसले. ज्या दिवशी तुम्ही तोंड उघडलंत, त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही हे वाचणार नाही, एवढं मला कळतं. पण माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलायची मला सवय नाही. जे काय ते तोंडावर. बाकीच्यांनी बाजूला बसून ऐकावं.

तुम्ही वयाने माझ्याहून धाकटे, पण अख्खा क्लब तुम्हाला मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. ड्रेसिंग रूमला लागून तुमची खोली. दोन धुलाई यंत्रं, त्यातलं एक कायम कण्हत असलेलं. गरम पाण्याचा जाड पाइप, लांबलचक इस्त्रीचं टेबल, आणि सगळीकडे ओल्या मातीचा, साबणाचा आणि तरण्या माणसांच्या घामाचा वास. मॅचच्या दिवशी प्रत्येकाच्या खुंटीवर शर्ट लावायचात तो पाठीचा नंबर बाहेर दिसेल असा. खाली चड्डी, त्यावर मोज्यांची जोडी, आणि बूट बाकाखाली, टाचा भिंतीकडे. मोज्यांबाबत तुमचा एक कायदा होता. जो खेळाडू मोजे उलटे काढून टोपलीत टाकेल, त्याला ते धुऊन, वाळवून, घडी घालून उलटेच परत. ‘बाई, मी धुणारा आहे, त्यांची आई नाही,’ असं तुम्ही मला सांगितलं होतंत. मला तुमचं ते पहिलं पटलेलं वाक्य.

पहिल्या भेटीत मात्र आपलं भांडणच झालं होतं.

माझा नातू, लेकीचा मुलगा, तेव्हा नुकताच पहिल्या संघात आला होता. मैदान माझ्या घरापासून जवळ, म्हणून तो माझ्याकडे राहायचा. दाराच्या चौकटीला डोकं आपटण्याइतका उंच, म्हणून मी त्याला उंट म्हणते. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. चेंडूमागे बावीस जण का धावतात, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण हा पोरगा लहानपणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चेंडू मारून झेलत बसायचा, आणि झेलला की त्याचा चेहरा असा व्हायचा की मी ओरडायला उघडलेलं तोंड मिटत असे. गोलकीपरच व्हायचं होतं त्याला. झाला. जुन्या गोलकीपरची जागा याला मिळाली, आणि तिथेच माशी शिंकली. जुना गोलकीपर कप्तानाचा जिवलग.

कप्तानाच्या टोळक्याने याचं नाव ठेवलं ‘चाळणी’. नव्या खेळाडूने पहिल्या दिवशी खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं, अशी त्यांच्यात रीत होती. ठीक आहे, एक दिवस. याला रोज म्हणायला लावायचे. मधेच कुणी खुर्ची ओढायचा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला दिसत होते ते फक्त बूट. कोरड्या उन्हाळ्यात पोरगा रोज ओले बूट घेऊन घरी यायचा. विचारलं की, ‘घाम गं, आजी.’ बुटातून वाटीभर पाणी निघेल एवढा घाम मी पुस्तकात वाचलेला नाही.

तेव्हा मी सरळ क्लबात आले. फाटकावरचा माणूस म्हणाला, कपड्यांचं काय असेल ते मामांना विचारा. मी तुमच्या खोलीत शिरले आणि विचारलं, ‘माझ्या नातवाचे बूट रोज ओले का?’

तुम्ही इस्त्री उभी केलीत. ‘शॉवरखाली ठेवतात.’

‘कोण?’

तुम्ही बोट वर केलंत. ड्रेसिंग रूमच्या दारावर लाकडी पाटी होती: ‘इथलं इथेच’.

‘बाई, आतलं बाहेर बोलायचं नाही. पहिल्यापासून आहे ते.’

‘हे काय लष्कराचं गुपित आहे? बुटात पाणी ओततात ते सांगायला काय होतंय?’

‘मी बघतो ना. आजपासून त्याचे बूट माझ्याकडे, पाइपामागे. कोरडे मिळतील.’

आणि मिळाले. तुम्ही शब्दाचे पक्के. बूट कोरडे, फाडलेला खिसा शिवलेला, कापलेल्या नाड्या नव्या. महिनाभराने मी पुन्हा आले ती आणखी चिडून. आठवतं ना? ‘मामा, तुम्ही शिवता म्हणजे झाकता. ते फाडतात आणि तुम्ही रफू करता. बाहेरच्याला वाटतं, सगळं कसं छान चाललंय.’ तुम्ही खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिलात. तुम्हाला राग आला होता. मला चालतं. खरं ऐकलं की राग येतोच.

त्याच आठवड्यात उंट मला म्हणाला, ‘आजी, हा हंगाम संपला की सोडतो. काकाच्या रंगाच्या दुकानात बसेन.’ जेवता जेवता, ताटात बघून. रंगाचं दुकान काही वाईट नाही, पण रंगाचे डबे कुणी झेलत नाही. भिंतीवर चेंडू मारणं तर त्याने केव्हाच बंद केलं होतं. पोरगा माझ्या डोळ्यांदेखत विझत चालला होता, आणि हंगाम संपायला फार दिवस नव्हते.

मग ते ग्लोव्हजचं झालं.

गोलकीपरच्या ग्लोव्हजना दुसऱ्याने हात लावायचा नाही, अशी त्या धंद्यातली पद्धत. ज्याचे त्याने धुवायचे. अगदी तुम्हीसुद्धा नाही. सरावाच्या वेळी कुणीतरी उंटाच्या ग्लोव्हजमध्ये आतून पाठदुखीचं मलम चोपडलं, ते आग आग करणारं. त्याने हात घातले, सराव संपेपर्यंत दात आवळून ठेवले, मग ग्लोव्हज कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि घरी येऊन लालभडक हात गार पाण्यात बुडवून बसला. मला म्हणाला, ‘ॲलर्जी.’

तुम्हाला ते डब्यात सापडले. दुसऱ्या दिवशी मोठी मॅच. दुसरी जोडी त्याच्याकडे फाटकी. तेव्हा जन्मात न केलेलं काम तुम्ही केलंत: गोलकीपरचे ग्लोव्हज धुतलेत. पोराचे हात पोळलेत, आत मऊ लागावं, म्हणून शर्टांना वापरता ते निळं सॉफ्टनर घातलंत. चांगलं झाकणभर.

अहो मामा! सॉफ्टनर म्हणजे काय, धाग्यांवर बसणारा बुळबुळीत थर. गोलकीपरच्या तळव्याला चिकटपणा हवा. तिथे तुम्ही तेल लावल्यासारखं केलंत. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनीही हे सांगितलं असतं. पण तुम्हाला कसं कळणार? त्या ग्लोव्हजना कधी कुणी हातच लावू दिला नव्हता. धुऊन, वाळवून तुम्ही ते त्याच्या खुंटीखाली ठेवलेत, वर एक शब्दही न बोलता.

पहिलाच उंच चेंडू त्याच्या हातातून साबणाच्या वडीसारखा निसटला आणि जाळ्यात गेला. नंतर आणखी एक. अख्खं मैदान ओरडत होतं, ‘चाळणी! चाळणी!’ ते नाव ड्रेसिंग रूममधून मैदानापर्यंत कुणी पोचवलं, देव जाणे. ‘इथलं इथेच’ म्हणे.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नातवाने सांगितलं आणि नंतर तुम्ही सांगितलंत. दोन्ही हकिकती जुळल्या; फक्त तुमच्या हकिकतीत तुम्ही फारच कमी बोललात.

मॅच हरून सगळे आत आले तर उंटाच्या खुंटीला चहाची गाळणी लटकवलेली. कप्तान म्हणाला, ‘चाळणी मिळाली नाही रे, तुझी धाकटी बहीण आणली.’ हशा. कोच याच्यावर भडकलेलाच होता. ‘हातांना काय झालंय तुझ्या? लोणी लावून आलास?’ पोरगा उभा. हातात ते ग्लोव्हज.

तुम्ही टोपली घेऊन मळके कपडे गोळा करत होतात. टोपली खाली ठेवलीत.

‘साहेब, त्याच्या हातांना काही झालेलं नाही. ग्लोव्हज मी धुतले. माझं चुकलं.’

‘मामा, तुम्ही जा, तुमचं काम करा.’

‘तेच सांगतोय. औषध घातलं त्यात मी. ते घसरले माझ्यामुळे.’

पुन्हा हशा. कुणीतरी म्हणालं, ‘मामांनाच घ्या गोलमध्ये!’ पण कोच हसला नाही. त्याने विचारलं, ‘गोलकीपरचे ग्लोव्हज तुम्ही कधी धुत नाही. आजच का?’

नातू म्हणतो, मामांनी दारावरच्या पाटीकडे बघितलं.  आता कपडे उचलून निघून जायचं म्हटलं असतंत, तर कुणी अडवलं नसतं. चूक कबूल झाली होती, तेवढ्यावर भागलं असतं. पण ‘का’ याला खरं उत्तर एकच होतं.

‘आत मलम लावलेलं होतं,’ तुम्ही म्हणालात. आणि मग पाढाच वाचलात. बूट, खिसा, नाड्या, खुर्ची, रोजचं गाणं. ‘मी शिवत बसलो. याच्या आजीने मला सुनावलं होतं, की शिवता म्हणजे झाकता. तेही माझं चुकलं.’

‘अहो मामा, मस्करी चालते हो!’ कप्तान म्हणाला.

‘मग तो का नाही हसला कधी?’

‘नावं सांगा,’ कोच म्हणाला.

‘साहेब, सगळ्यांचे टॉवेल माझ्याकडेच येतात. मलमाचा वास कुणाच्या टॉवेलला येतो ते मला ठाऊक आहे. पण ज्याचं त्याने सांगावं. मी माझं सांगितलं.’

आणि कोण उठलं? जुना गोलकीपर. म्हणाला, ‘मलम मी लावलं. दुसऱ्या कशाचं काही वाटलं नसतं. ग्लोव्हजना हात लावायला नको होता.’ कप्तानाकडे त्याने बघितलंही नाही. मग कप्तानाची पाळी आली, आणि बाकीचं त्याला कबूल करावं लागलं.

कप्तानाचं कप्तानपद गेलं, उरलेला हंगाम तो बाकावर बसला. अध्यक्षांनी तुम्हाला ऑफिसात बोलावून ‘क्लबची अब्रू’ या विषयावर ऐकवलं. हेच काल मूक सेवक म्हणणारे. आणि खेळाडूंनी तुम्हाला धडा शिकवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून टोपलीत सगळेच्या सगळे मोजे उलटे. फक्त उंटाचे सुलटे.  तुम्ही सगळे धुतलेत, घड्या घातल्यात, आणि उलटेच परत दिलेत. रोज. अख्खा संघ सरावाआधी बाकावर बसून मोजे सुलटे करतोय, हे मी दारातून स्वतः पाहिलं आहे, आणि माझ्या आयुष्यात इतकं समाधान मला क्वचितच मिळालं असेल. एकेक जण कंटाळत गेला. शेवटी एके दिवशी तुम्ही फाटकाशी मला थांबवून म्हणालात, ‘बाई, जुन्या कप्तानाचेही आज सुलटे आले.’ पदक मिळाल्यासारखा चेहरा होता तुमचा.

ती पाटी तुम्हीच उतरवलीत आणि डुगडुगणाऱ्या इस्त्रीच्या टेबलाच्या पायाखाली घातलीत. अजून तिथेच आहे; काल बघून आले.

उंटाने सोडलं नाही. रंगाच्या दुकानाची भरभराट त्याच्याविना झाली. तो आता दुसऱ्या शहरात खेळतो, तिथला कप्तान आहे, आणि नवा आला की त्याला खुर्चीवर उभं करत नाहीत. बूट कुठे ठेवायचे ते हा स्वतः दाखवतो. फोनवर मी त्याला तुमची बातमी सांगितली. म्हणाला, ‘आजी, माझे बूट नेहमी गरम असायचे गं.’ मामा, माझ्या घरातलं एक माणूस तुम्ही मला परत दिलंत. आभार मानायची मला सवय नाही, त्यामुळे नीट मांडता येत नाही. पण आहेत, एवढं लक्षात घ्या.

आता ते राहिलेलं काम.

त्या मॅचनंतर तुम्ही माझ्या घरी आला होतात, ते बिघडलेले ग्लोव्हज कागदात गुंडाळून. मी तुम्हाला सॉफ्टनरवर सबंध तास घेतला. तुम्ही चहा निवेपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘बाई, माझ्याबरोबर एकदा साबणाच्या दुकानात चला. बाटलीमागचं बारीक अक्षर मला दिसत नाही, आणि दिसलं तरी कळत नाही. ग्लोव्हजना चालेल असा एक बघून द्या.’

‘येत्या रविवारी,’ मी म्हटलं.

त्या रविवारी मॅच निघाली. पुढच्या रविवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मग तुमच्या मुलीकडे बाळ. उंट दुसरीकडे गेला, क्लबला ग्लोव्हजचा साबण बाहेरून यायला लागला, गरज उरली नाही. तरी फाटकाशी भेटलो की तुमचं ठरलेलं, ‘बाई, साबण?’ आणि माझं, ‘रविवारी, मामा, नक्की.’ दवाखान्यातही तुम्ही तेच विचारलंत, आणि मीही तेच म्हटलं.

आज सकाळी मी त्या साबणाच्या दुकानात एकटी गेले. आज रविवार. दुकान बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, ‘आजी, हे रविवारी उघडत नाही. कधीच नाही.’

तुमच्या घरापासून तिसरं दुकान ते, मामा. तुम्हाला माहीत नव्हतं, असं मला सांगू नका.