अडून राहिलेला कौल

नवरात्राच्या सातव्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढताना छाती आवळून आली आणि डावा हात जड पडला. मी ठरवून टाकलं, साबुदाण्याचं पित्त. नवरा जाताना मला एचआयव्ही देऊन गेला, त्याला चौदा वर्षं झाली. सरकारी दवाखान्यातली गोळी मी एक दिवस चुकवली नाही. रक्तात विषाणू सापडत नाही, असं दर तपासणीत सांगतात आणि त्याचा मला भारी तोरा होता. शिवाय दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे तो आजार पुन्हा सांगणं आलं. घाटकोपरच्या आमच्या वस्तीत तो कुणालाच ठाऊक नव्हता.

आम्ही कोकणातली माणसं अडलं की देवीला कौल लावतो. गुरव मूर्तीला ओलं फूल चिकटवतात. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे तर नकार. मी हात जोडून म्हटलं, "आई, हे पित्तच आहे, दवाखान्याची गरज नाही. उजवा दे." फूल पडेना. मला घाम फुटला, तरी मी हट्टाने उभीच. शेवटी गुरवकाका वैतागले. "बाये, देवीक प्रश्न विचारूचो असता. तू तर उत्तरच सांगतंस."

लोक हसले. माझ्या मागे ओटी घेऊन उभी असलेली एक मुलगी मात्र हसली नाही. तिने मला धरून खाली बसवलं. "मावशी, मी नर्स आहे. कुठली औषधं चालू आहेत? खरं सांगा ना." चौदा वर्षं दाबून ठेवलेलं मी त्या अनोळखी मुलीच्या कानात सांगितलं. तिने माझा हात सोडला नाही. "मग पित्त पित्त करत बसू नका. चला, आत्ताच."

रिक्षातच तिने समजावलं. गोळ्यांनी विषाणू दबतो, तरी शरीरात आतून थोडी सूज राहते, रक्तवाहिन्या खराब होतात, म्हणून आमच्यासारख्यांना हृदयविकाराचा धोका इतरांहून जास्त. हॉस्पिटलात डॉक्टरांना मी स्वतःच सगळं सांगितलं. ते बरंच झालं, कारण हृदयाची औषधं माझ्या गोळ्यांशी जुळवूनच द्यावी लागतात. हृदयविकाराचा झटकाच होता. वेळेत आलात, म्हणाले.

बरी झाल्यावर देवळात गेले. त्या मुलीची ओटी त्या दिवशी राहिली होती, ती आधी भरली. मी आईला उत्तर पढवत होते आणि तिने मला मदत येईपर्यंत नुसतं थांबवून ठेवलं, हे आठवून डोळे भरले.

गुरवकाका म्हणाले, "तू गेलंस आणि लगेच फूल पडला. खंयच्या बाजूक, सांगू?"

मी म्हटलं, "नको, काका."