मोर्शीहून येणारा नाताळ

आमच्या मोठ्या वहिनींइतकं हक्कानं काम सांगणारं माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरं झालं नसेल. दारात आलेल्या पोस्टमनला त्या आधी "जरा बोट धरा" म्हणत, आणि त्याच्या बोटावर रिबिनीची गाठ पक्की बसल्यावरच हातातली पत्रं घेत. अमरावतीच्या एका मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं. तिथूनच त्यांना नाताळची कार्डं करण्याचं वेड लागलं. निवृत्तीनंतर शाळा सुटली, वेड सुटलं नाही. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमच्या जेवणाच्या टेबलावर कात्र्या, खळ आणि रंगीत कागद येऊन बसत आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवू लागे. भाऊ लवकर गेला, त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारा एकटा माणूस. त्यामुळे त्या टेबलावर हक्क सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्यांच्या कार्डांत बर्फ असे तो कापसाचा, आणि तोही शेतातल्या बोंडातून हातानं काढलेला. औषधांच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस मी एकदा आणून दिला, तर "तो दवाखान्याचा हाय भाऊजी, त्याले जखमेचा वास येते," म्हणून परत केला. येशूचा गोठा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काड्यांचा. गोठ्यात शिंगं रंगवलेली बैलजोडी. पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी धोतर नेसून, डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन उभे. शाळेच्या सिस्टरांनी एकदा भीत भीत विचारलं, "बाई, बेथलेहेममध्ये संत्री?" वहिनी म्हणाल्या, "मोर्शीहून तिघं गेले असते तर दुसरं काय नेलं असतं?" त्या वर्षी शाळेनं तेच कार्ड सगळ्यांना पाठवलं. चौकातले शिंपी चाचा त्यांना सॅटिनच्या चिंध्या राखून ठेवत. "बाई, हमारी ईद का भी बनाओ," असं ते म्हणाले, तेव्हा वहिनींनी त्यांना गोठ्यावरच्या चांदणीशेजारी चंद्रकोर काढून दिली. चाचांनी ते कार्ड मशीनवर लावलं आणि कधीच काढलं नाही.

मग त्यांनी संगणक घेतला. कॉलेजच्या पोरांमध्ये बसून क्लास केला आणि घरातले सगळे फोटो स्कॅन करून त्यांच्या चिकटवह्या पडद्यावर करायला घेतल्या. कुणाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब पुसायचा, कुणाला लुगड्याला शोभेल असं पोलकं घालायचं. भांडखोर जाऊबाईंना तर त्यांनी एका लग्नाच्या फोटोतून साफ उडवलं होतं; पण उन्हाळ्यात त्यांच्याकडून लोणच्याची बरणी आली तेव्हा पुन्हा पहिल्या रांगेत आणून बसवलं. मी एकदा म्हणालो, "वहिनी, भाऊलाही या फोटोत आणा ना, तुमच्याशेजारी." त्यांनी माउसवरून हात काढला. मग म्हणाल्या, "गेलेल्या माणसाले ओढून आनू नये, भाऊजी. जे हायेत ते धरून ठेवले तरी पुष्कळ झालं."

त्यांना धरून ठेवायचं होतं ते बाबूभाऊला. बाबूभाऊ म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, मोर्शीचा. त्याची संत्र्याची बाग होती. पाणी खोल खोल गेलं, विहीर आटली, आणि दोन उन्हाळ्यांत वडिलांनी लावलेली झाडं उभ्या उभ्या वाळली. ती तोडून सरपणाला गेली त्या दिवसापासून बाबूभाऊ बोलेनासा झाला. जेवे, शेतात जाऊन येई, ओट्यावर बसे, पण तोंडातून शब्द नाही. त्या वर्षांत आमच्याकडे गप्प झालेल्या माणसाकडे घरचे लोक वेगळ्याच नजरेनं पाहत. फवारणीची औषधं कुलपात जात, विहिरीवर एकट्याला पाठवत नसत, आणि का, ते कुणी उच्चारत नसे. त्याची बायको फोनवर रडत म्हणाली, "वन्सं, हे बोलूनच नाई राह्यले. मले भेव वाटते."

वहिनींनी तिचं सांत्वन केलं नाही. म्हणाल्या, "त्याले सांग, मले पिंपळाची पानं लागतात. गळलेली, जून. पोतंभर."

मी चकित होऊन पाहत राहिलो, तेव्हा फोन ठेवून म्हणाल्या, "समजूत काढली तर तो आनखी खाली बसन. काम सांगितलं तर चिडन. चिडला म्हणजे उठन."

तेव्हापासून मोर्शीच्या एसटीनं आमच्याकडे गाठोडी येऊ लागली. पिंपळाची पानं, वाळवलेली संत्र्याची सालं, पऱ्हाटीच्या काड्या. सोबत चिठ्ठी नसे. मी ती स्टँडवरून आणून द्यायचो. वहिनी प्रत्येक गाठोड्यात खोट काढत आणि फोनवर भावजयीकडून निरोप पोचवत: पानं कोवळी हायेत, सालं जाड हायेत, गवत मोर्शीचं नको, सेमाडोहकडचं पाहिजे. आणि बाबूभाऊ मुकाट्यानं मेळघाटची बस धरून सेमाडोहला जाऊन गवत घेऊन आला. "कोवळी" म्हणून नावं ठेवलेली पानं वहिनी पाण्यात कुजवत, त्यांची जाळी तेवढी ठेवत आणि सगळ्यांत सुंदर कार्डांना तीच लावत. पण बाबूभाऊ बोलला नाही.

त्या डिसेंबरात त्यांनी त्याच्यासाठी चिकटवहीचं एक खास पान केलं. बाबूभाऊचा तरुणपणचा फोटो, बागेत हसताना. भोवती पानांचं, सालींचं नाताळचं गोल कडं. खाली पेटलेली मेणबत्ती. ते रंगीत छापून, काचेच्या फ्रेममध्ये घालून, त्यांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती मोर्शीला पाठवलं. नाताळच्या चित्रांत आयुष्य गेलेल्या बाईच्या मनात दुसरं काही आलंच नाही, आणि पुस्तकांत आयुष्य घातलेल्या माझ्याही आलं नाही.

मोर्शीच्या स्टँडवर काच फुटली का म्हणून कुणीतरी कागद उघडून पाहिला. फोटो बाबूभाऊचा, भोवती हार, खाली दिवा! दुपारपर्यंत गावभर झालं. अंजनगाव सुर्जीहून मेहुणे जीप करून निघाले. बायको त्यांच्याकडेच माहेरी गेलेली, घराला कुलूप. माणसं ओट्यावर डोक्याला रुमाल बांधून बसली. बाबूभाऊ शेतातून आला, तर आपल्याच दारात ही मंडळी. त्याला वाटलं, शेजारीपाजारी कुणी गेलं. पायातली वहाण काढून तो मागच्या रांगेत टेकला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच म्हणाला, "कोन गेलं बापा?"

म्हाताऱ्यानं मान वळवली, पाहिलं, आणि त्याचा जबडा खाली पडला. "तूच ना बे!"

त्या रात्री आमच्याकडे फोन वाजला. वहिनींनी रिसीव्हर कानापासून दूर धरला तरी मला लख्ख ऐकू येत होतं. "ताई, जित्तेपनी हार घातला मले! सारं गाव रडून राह्यलं! येडी झाली का तू? काहून पाठोलं ते?" बाबूभाऊ शिव्या देत होता, हसत होता, पुन्हा शिव्या देत होता. फोन बंद झाल्यावर वहिनी पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "बोलला." आणि टेबलावरच्या कापसात तोंड खुपसून रडल्या.

त्यानंतर बाबूभाऊ बोलत राहिला. थोडं, कुरकुरत, पण बोलत. बाग पुन्हा झाली नाही. सामानाची मागणी वहिनींनी शेवटपर्यंत थांबवली नाही. मी म्हणालो, आता तर तो बरा आहे, तर म्हणाल्या, "बरा हाय म्हनूनच."

गेल्या दिवाळीनंतर वहिनी गेल्या. आजार लहानसा वाटला होता. बाबूभाऊ आला, तेरा दिवस राहिला, आणि त्या तेरा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखा गप्प झाला. त्याच्या बायकोनं जाताना माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. मी काय करणार होतो? मला कात्री नीट धरता येत नाही.

डिसेंबर उजाडला तेव्हा एका सकाळी मीच मोर्शीला फोन लावला. बाबूभाऊनं तो घेतला, पण "हॅलो"सुद्धा म्हटलं नाही. मी सुचेल ते बोललो. "बाबूभाऊ, कार्डं करायची आहेत. बाभळीचा डिंक पाठवा. बाजारचा धरत नाही."

तिकडून घसा खाकरल्याचा आवाज.

"डिंक? आता?"

"हो. जरा जास्तच पाठवा."

"भाऊसाहेब, तुमाले काई समजते का? डिंक उनाळ्यात निंगते. थंडीत बाभूळ काय तुमच्यासाठी घाम गाळन? एवढी बुकं वाचली अन्..." तो बोलत राहिला. झाडाची साल कशी, चीक कसा, कोणत्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाभूळ चांगली. मी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "पायतो. मांगच्या वर्षीचा कोनाकडं असन तर."

फोन ठेवून मी टेबलाशी बसलो. वहिनींची खुर्ची माझ्यासाठी जरा बुटकी आहे. पुढ्यात एक कोरा कागद ओढला आणि थोडा कापूस हातात घेऊन बघत राहिलो. बर्फ आधी लावायचा की गोठा, हे मला ठाऊक नव्हतं.