सावित्रीअक्काच्या मनगटातली दारं

“दारं उघडी राहिल्यात, व्हय? मग डाग दिला की बंद हुतात.”

असं विठूमामा म्हणाले. मामा म्हणजे आमच्या पेशंटचे, सावित्रीअक्काचे सासरे. डाग देणं म्हणजे चुलीत लाल केलेला विळा दुखऱ्या जागी टेकवायचा. आमच्या गावाकडे, नंदिगड्ड्याला, गुरांना देतात, माणसांनाही देतात. माझ्या काकांच्या पाठीवर तसा व्रण आहे.

मी फिजिओथेरपीची इंटर्न. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आपण बोलतो ते बरोबर आहे ना, ही धाकधूक कायम असते. कर्नाटकातल्या रामनगरच्या या छोट्या दवाखान्यातले डॉक्टर, आमचे सर, कन्नड बोलणारे. मराठी पेशंटना समजावून सांगायचं काम माझ्याकडे. ते मी नुकतंच केलं होतं.

पाला तोडताना अक्काच्या मनगटाला, अंगठ्याच्या बाजूला, कोयता लागला होता. जखम कधीच भरली. पण त्या जागेला पदर लागला तरी आग व्हायची. कधी काहीच न लागता व्हायची. एक्स-रे नॉर्मल. घरचे म्हणायचे, कामाचा कंटाळा. सरांनी व्रणावर बोटानं टिचकी मारली, तेव्हा तिच्या अंगठ्यापर्यंत करंट गेला. मग त्यांनी तिथं बधिर करणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात आग थांबली. अक्कानं पिशवीतून काचेच्या बांगड्या काढल्या आणि त्या हातात चढवल्या. मामा बघत राहिले.

“ही काय जादू हाय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं ते असं. स्पर्शाचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या भिंतीत सोडियम चॅनल असतात, म्हणजे अतिसूक्ष्म दारं. काही टोचलं की ती क्षणभर उघडतात, मिठातलं सोडियम आत शिरतं, विजेची बारीक लाट तयार होते आणि दारं मिटतात. अक्काची कोयत्यानं कापली तशी नस कापली गेली की तुटल्या टोकाशी या दारांची गर्दी होते. ती जराशा धक्क्यानं उघडतात, कधी आपोआपच. हाताला काही झालेलं नसतं, पण मेंदूला वाटतं हात जळतोय. इंजेक्शननं ती दारं थोडा वेळ बंद केली.

त्यावर मामांनी डागाचं काढलं.

“उद्या सकाळीच इळा तापवतो,” ते म्हणाले.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. “सर, ते डाग देणार म्हणतात.”

“पुन्हा एक्सप्लेन कर.”

“एक्सप्लेन केलं म्हणूनच देणार आहेत, सर.”

सरांनी चष्मा काढला. “मग आणखी नीट कर. मी प्रिस्क्रिप्शन लिहितो.”

परत आले तर इंजेक्शनचा असर उतरत होता. अक्का एकेक बांगडी काढत होती.

“मामा, डागानं नस जळेल.”

“जळू दे की. मेली म्हंजी दुखायची न्हाई.”

याला पुस्तकातलं उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं. मग मी विचारलं, “मामा, बांधावरचं झाड तोडून खुंट जाळला, तर मरतो?”

“मरतोय कसला. पावसात चौबाजूनी फुटतोय.”

“नस तशीच. जळल्या टोकातून बारीक फुटवे येतात. आणि फुटव्यांवर नवी दारं.”

“म्हंजी हातात माझ्या झुडूपच हुईल,” अक्का म्हणाली.

“तू गप,” मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “कुणाची गं तू?”

मी काकांचं नाव सांगितलं.

“त्याला डाग मीच दिलता. दुखतीया अजून पाठ?”

“दुखते.”

सरांनी लिहिलेल्या गोळ्या, मुळात फिट्सच्या पण अशा दारांना आवर घालणाऱ्या, मामांनी खिशात टाकल्या. त्या जागेला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून मी अक्काला ती कापसानं हलकं चोळायला शिकवलं. आधी कापूस, जमलं की मऊ कापड, मग टॉवेल. घरी डाग देणार की नाही, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं. अक्का एकटीच आली. मी तोंडाआधी तिचं मनगट बघितलं. जुनाच व्रण होता. आग कमी झाली होती, गेली नव्हती. गोळीनं चक्कर येत होती, म्हणून सरांनी डोस कमी केला. मनगटात एक बांगडी होती.

“आणि विळा?” मी विचारलं.

“चुलीपाशी ठेवला हुता. मामा माझ्याकडं बघायचं, इळ्याकडं बघायचं. मग एकदा उठलं आणि गवताला गेलं घेऊन.”

दारांची गोष्ट मी अजूनही सांगते. फक्त आधी विचारून घेते, घरी कुणी काही तापवायच्या बेतात आहे का.